अकराव्या पेटीतलं तळं

संग्रहालयातल्या लोकांनी त्याला आभाळराव म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की हजेरीला खरं नाव पुकारलं तरी तो आधी इकडेतिकडे बघायचा. माणूस उंच, काटकुळा, आणि मान कायम मागे कललेली. कोंबडा आरवायच्या बेतात असतो तशी. वर बघून बघून मान तशीच राहिली असं लोक म्हणत. पण त्याचं कामच वर बघायचं होतं, त्याला तो तरी काय करणार.

त्या संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक दालन आहे. दालनात अकरा काचपेट्या आहेत. पेटी म्हणायची खरी, पण एकेक पेटी चार म्हशी बांधता येतील एवढी. देशातल्या एकेका राष्ट्रीय उद्यानाची एकेक पेटी. पुढच्या बाजूला खरी माती, खरे दगड, वाळवलेलं गवत आणि भुसा भरलेली जनावरं. मागे अर्धगोल भिंत, आणि तिच्यावर रंगवलेलं रान. खरी जमीन चार हातांवर संपते आणि तिथून पुढचे वीस कोस नुसत्या रंगाचे. ते वीस कोस आभाळरावाचे.

खरी माती जिथे संपते आणि रंग सुरू होतो त्या रेषेला तिथली माणसं ‘जोड’ म्हणतात. बघणाऱ्याला जोड दिसला की सगळं ओमफस. आभाळराव एखादा दगड अर्धा खरा ठेवायचा आणि उरलेला अर्धा भिंतीवर रंगवायचा, गवताची सावली मातीवरून उचलून भिंतीवर न्यायचा. शाळेची पोरं काचेला नाकं चिकटवून हुज्जत घालायची, हरणामागची झाडं खरी की खोटी. पोरं गेल्यावर काचेवर नाकांचे डाग राहायचे. झाडणारी बाई वैतागायची, आणि हा तिला म्हणायचा, “आज राहू दे की. उद्या पूस.”

दालन करायला घेतलं तेव्हाच संचालकांनी एक नियम घातला होता. भिंत रंगवणाऱ्याने आधी त्या उद्यानात आठ दिवस बसून यायचं. फोटो रंगाच्या बाबतीत थापा मारतो, हे त्यांचं म्हणणं आभाळरावाला पक्कं पटलेलं. तो पंजाएवढ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन जायचा. समोर दिसेल तो रंग जागच्या जागी कालवायचा, पट्टीवर ओढायचा, आणि मागे उद्यानाचं नाव, तारीख, वेळ लिहून खाली सही ठोकायची. त्या पट्ट्या घेऊन परत यायचं आणि मग भिंतीला हात लावायचा.

असा तो देशभर फिरला. बर्फाच्या उद्यानात गेला आणि तिथून सांगत आला की बर्फ पांढरा नसतोच, उन्हात पिवळा आणि सावलीत निळा असतो, पांढरा तो फक्त शाळेच्या पुस्तकात. ओल्या जंगलात तिसऱ्या दिवशीच त्याचा हिरवा रंग संपला, कारण एकाच झाडावर कोवळ्या पानाचा, जुन्या पानाचा आणि शेवाळाचा हिरवा वेगवेगळा. वाळवंटात सकाळी दहानंतर रंगच उरत नाही, सगळं भाकरीच्या पिठासारखं दिसतं, म्हणून तिथे तो पहाटेच कामाला बसायचा. खाडीतल्या रानात झाडांची मुळं चिखलातून वर आलेली, आणि ओहोटीला तो चिखल नुकत्याच धुतलेल्या म्हशीच्या पाठीसारखा चकाकणारा. गवताळ माळावर तर त्याने चार दिवस नुसता वारा बघितला. वारा गवतावरून जाताना गवताचा रंग बदलतो आणि वारा गेला की परत येतो, हे त्याला एका पट्टीत बसवता येईना. दोन पट्ट्या केल्या. एकीमागे लिहिलं, ‘वारा असताना.’ दुसरीमागे, ‘वारा नसताना.’

घरी आला की तो ह्या पट्ट्या जमिनीवर मांडायचा आणि बायको शिलाईची मशीन थांबवून समोर बसायची. तिने देश पाहिला तो असा, पट्ट्या-पट्ट्यांनी. तरी त्या दालनात तिचाही हात होता. ओल्या जंगलाच्या पेटीसाठी कापडाची पानं हवी होती, ती तिने घरी बसून कापली. नऊ हजार पानं. अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडला तो पुढे कधी गेला नाही.

“एवढी पानं मी कापली,” ती म्हणायची, “आणि झाड बघितलं तुम्ही.”

“पुढच्या वेळी तू चल.”

“मागच्या वेळीही हेच म्हणालात.”

“मागच्या वेळी जीपमध्ये जागा नव्हती.”

“जागा नसते, कधी पाऊस असतो, कधी साहेब असतो. मी गेले की उद्यान पळून जाणार आहे का?”

तो हसायचा. ती पण हसायची. दहा पेट्या होईपर्यंत हे असंच चाललं. त्याला तेरा वर्षं लागली.

अकरावी पेटी तळ्याची होती. देशाच्या एका कोपऱ्यात, सपाट मुलखात, उथळ पाण्याचं मोठं तळं. थंडीत लाखो पक्षी उतरतात म्हणून तिथे उद्यान केलेलं. या वेळी मात्र आभाळरावाने शब्द दिला. मुलीची परीक्षा झाली होती, ती मावशीकडे राहणार होती. बायकोने तिथल्या वनरक्षकाला स्वतःच्या हाताने पत्र टाकलं: आम्ही दोघं येतोय, काय आणावं लागेल, आणि तिथे नेमकं बघायला काय मिळेल. वनरक्षकाचं उत्तर आलं. मग तिने बाजारातून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणले, दोन जोड. घरात बूट घालून ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून बघायची आणि मुलगी हसून लोळायची. “आई, बदकासारखी चालतेस.”

“बदकांकडेच चाललेय,” ती म्हणायची.

आणि निघायला आठ दिवस राहिले तेव्हा उद्‌घाटनाची तारीख एक महिना अलीकडे आली. कोणीतरी मोठा माणूस परदेशी जाणार होता, त्याच्या सोयीने. संचालक म्हणाले, “आठ दिवस नको, पण चार दिवस तरी जाऊन या. मी पाहुण्यांना थोडं थांबवून धरतो.”

चार दिवसांत झालं असतं. हे तो स्वतःच खूप पुढे, म्हातारपणी सांगायचा. पण दहा पेट्या झालेला माणूस होता. एव्हाना त्याला वाटायला लागलं होतं की आभाळ आपल्याला पाठ आहे आणि पाण्यात काय, आभाळच उलटं दिसतं. वर मनात एक भीती, की आपण गेलो आणि भिंत अर्धी राहिली तर ती दुसरा कोणी पुरी करेल. हाताखालच्या एका नव्या पोराने दोनदा कुंचल्याला हात लावलेला त्याने बघितला होता.

घरी येऊन तो म्हणाला, “तळं म्हणजे तळं. फोटो आहेत. आपण नंतर निवांत जाऊ.”

बायकोने मशीनवरून मान वर केली नाही. “बरं,” म्हणाली. तिने भांडण केलं असतं तर कदाचित तो गेलाही असता.

मग त्याने ते केलं जे त्या खात्यात कोणीच कधी केलं नव्हतं. गच्चीवर टेबल मांडलं आणि घरीच बसून पट्ट्या ओढल्या. पाण्याचा रंग शेजारच्या टाकीतला. आभाळ गच्चीवरचं. मागे उद्यानाचं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या, वेळा लिहिल्या, ‘सकाळी सात वाजून दहा मिनिटं’ इतकं नेमकं, आणि खाली सही. संग्रहालयात सांगितलं, धावत जाऊन आलो. फोटो सगळे काळे-पांढरे आणि लांबून काढलेले, काठावर काय उगवतं ते त्यांत कळेना. सपाट काठ म्हणजे जोड लपवायला आडोसा नाही. म्हणून त्याने काठाला दाट पाणकणीस लावलं, पुरुषभर उंच, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोड असा गडप झाला की खुद्द संचालकांनी हात घालून पाहिला.

एकट्या भुसेकाकांना ते खटकलं. भुसेकाका म्हणजे जनावरांत भुसा भरणारे. शेकाट्या नावाचा लाल लांब पायांचा पक्षी त्यांनी ह्या पेटीसाठी सहा महिने खपून केला होता, एक नाही, सात.

“आभाळराव, माझ्या शेकाट्यांना उघडा चिखल लागतो. ह्या कणसांत ते उभे राहतील कुठे?”

“काचेआडचा पक्षी तक्रार करत नाही, काका.”

“तो नाही करत,” भुसेकाका म्हणाले आणि एकेक पक्षी उचलून पाणकणसांच्या फटीत खोचायला लागले.

उद्‌घाटन झालं. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जास्त गर्दी अकराव्या पेटीसमोर. आभाळराव निवृत्त झाला तरी लोक तिचंच नाव काढायचे. तळ्याला जायचं राहिलं ते राहिलंच. आधी मुलीचं शिक्षण, मग तिचं लग्न, मग बायकोचे गुडघे. वरच्या अंगाला नदी अडवली, तळ्याचं पाणी आटलं, पक्षी यायचे थांबले. उद्यानाची पाटी तेवढी राहिली. बातमी वाचून तो म्हणाला, “बरं झालं गेलो नाही, आता तिथे धूळ आहे.”

भिंत रंगवल्याला तेवीस वर्षं झाली आणि एका दुपारी उद्यानाच्या अधिकारी बाई त्याच्या घरी आल्या. तरुण होत्या, उन्हाने रापलेल्या, चपला बाहेर काढताना आधी धूळ झटकणाऱ्या. येताना संग्रहालयातून पट्ट्यांचा डबा घेऊन आल्या होत्या.

“काका, तळ्यात परत पाणी सोडतायत,” त्या म्हणाल्या. “कालवा झाला. पण पाणी सोडून भागत नाही, काठ पूर्वीसारखा करावा लागतो. आमच्या कचेरीला आग लागली त्यात जुनं सगळं दफ्तर गेलं. तेव्हाचा वनरक्षक वारला. तिथे बसून, तारखा घालून केलेलं काम म्हटलं तर तुमचंच आहे.”

त्यांनी पट्ट्या टेबलावर मांडल्या. आभाळरावाने सही बघितली. सही त्याचीच होती.

“तुमच्या भिंतीवरून आम्ही काठाचा नकाशा केलाय. पुढच्या महिन्यात पाणकणसाची चाळीस हजार रोपं लावायची. तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की हे समोर बघून केलेलं आहे. गुरुवारी कागद घेऊन येते. आणि हो, पुस्तक निघतंय, मुखपृष्ठावर तुमची भिंत असेल.”

आभाळराव सहीवरून अंगठा फिरवत राहिला. बाईंना वाटलं, म्हातारा भारावलाय. त्या चहा पिऊन गेल्या.

बायको कप उचलायला आली. “देणार लिहून?”

“तेवीस वर्षं झाली. आता कोणाला काय कळतंय.”

“भुसेकाकांना कळलं होतं.”

“ते गेले बिचारे.”

“मी आहे अजून,” ती म्हणाली आणि कप विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी तो बसने संग्रहालयात गेला. तिकीट काढून गेला, दारावरचा नवा माणूस त्याला ओळखत नव्हता. दहा पेट्या त्याने भराभर ओलांडल्या. बर्फ बरोबर होता. माळावरचं गवत वाऱ्यात वाकलेलं, बरोबर होतं. अकराव्या पेटीसमोर तो कधी नव्हे ते बघ्यासारखा उभा राहिला. सात शेकाटे पाणकणसांत अडकल्यासारखे उभे, एकाचाही पाय धड जमिनीला लागलेला नाही. पक्ष्याला उतरायला जागा नाही आणि उडायला पंख उघडावेत तर तेवढीही फट नाही. हे त्याने तेवीस वर्षं पाहिलं नव्हतं, कारण इथे आला की तो फक्त जोड बघायचा.

आणि आता बाई चाळीस हजार रोपं लावून खऱ्या तळ्याची तीच गत करणार होत्या.

गुरुवारी बाईंनी कागद पुढे केला. आभाळरावाने चष्मा लावला, कागद वाचला, पेन उघडलं आणि परत बंद केलं.

“मी तिथे गेलो नव्हतो,” तो म्हणाला.

“म्हणजे त्या तारखांना?”

“कधीच. ह्या पट्ट्या वर गच्चीवर केल्यात. पाणकणीस मी जोड लपवायला लावलं.”

बाईंनी कागद हळूच स्वतःकडे ओढून घेतला. त्या चिडल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि विचारलं, “मग काठ होता कसा?”

“मला माहीत नाही.”

“आभाळ तरी तिथलं?”

“इथलंच.”

इतका वेळ बायको दाराला टेकून उभी होती. ती आत गेली. लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. परत आली ती हातात एक रबरी बूट घेऊन. बुटाचं रबर तडकून पांढरं पडलेलं. तिने बुटात हात घातला, आतून घडी केलेले दोन कागद काढले, आणि ते नवऱ्याच्या समोरून नेऊन बाईंच्या हातात दिले.

“वनरक्षक भाऊंचं आहे. मी विचारलं होतं काय बघायला मिळेल, त्यांनी लिहिलंय सगळं.”

बाई मोठ्याने वाचायला लागल्या. “‘वहिनींना नमस्कार. बूट आणा, कारण आपला काठ ताटासारखा सपाट आहे आणि होडीपर्यंत चालत जावं लागतं. आधी घोट्याएवढं लव्हाळं, साधारण शंभर पावलं. मग उघडा चिखल, पन्नास पावलं, इथे शेकाटे चरतात. मग पाणी. पाण्यात पांढरी फुलं, सकाळी उमलतात आणि दहाला मिटतात, म्हणून लवकर उठावं लागेल. पाणकणीस फक्त ओढ्याच्या तोंडाशी आहे, ते आम्ही दर वर्षी कापतो. ते पसरलं तर पक्षी उतरणार नाहीत...’”

बाईंनी वाचणं थांबवलं आणि पहिल्यापासून सगळं वहीत उतरवून घ्यायला लागल्या. पावलं, फुलं, वेळा.

“हे कधी आलं?” आभाळरावाने बायकोला विचारलं.

“बूट आणले त्याच्या आधी. तुम्हाला दाखवायला आणलं होतं मी. तुम्ही म्हणालात, ठेव तिथे, हात रंगाचे आहेत.”

त्याला ते आठवलं नाही. पण असं तो म्हणाला असणार, याची त्याला खात्री होती. दिवसातून दहा वेळा म्हणायचा. तळ्याला न जाताही भिंत खरी झाली असती, दोन कागद वाचायला लागले असते. भिंत रंगवत होता ते पंधरा दिवस ते कागद घरात होते, जेवायला बसायचा तिथून आठ हातांवर.

रोपांचं काम थांबलं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर बर्फाची पेटी गेली. अकरावी पेटी फोडून नव्याने रंगवतो, असं त्याने संग्रहालयाला कळवलं, पण त्याचा हात आता थरथरत होता आणि तिथल्या लोकांनी ते सभ्यपणे टाळलं. त्यांनी काचेच्या खाली एक पाटी लावायचं ठरवलं. पाटी छापून आणणार होते. आभाळरावाने हट्ट धरला की ती मी हाताने लिहिणार, आणि तीन दिवस बसून लिहिली: ‘ह्या पेटीतला काठ चित्रकाराने न बघता रंगवला आहे.’ अक्षरं थोडी तिरकी झाली. झाडणारी नवी बाई म्हणते, पोरं आता ती पाटी वाचतात आणि हसत पुढच्या पेटीकडे जातात. काचेवर नाकांचे डाग कमी झालेत.

अधिकारी बाईंनी पत्र दफ्तरासाठी नेलं होतं, त्याची एक प्रत त्यांना पाठवली आणि खाली लिहिलं, दोन वर्षांत लव्हाळं धरेल, दोघांनी या.

“जायचं?” त्याने विचारलं.

“दोन वर्षांनी माझ्या गुडघ्यांना विचारा.” ती कापड दुमडत होती. “तोवर वाचा तरी. तुमचे हात आता स्वच्छ आहेत.”

तो खिडकीपाशी बसला आणि वाचायला लागला. लव्हाळं झालं, चिखल झाला, पांढरी फुलं झाली. दुसऱ्या पानावर वनरक्षकाने होडीचं लिहिलं होतं. होडी लहान आहे, माणसं दोनच बसतात, तेव्हा ती ढकलत मी मागून पाण्यातून चालत येईन, पुढची जागा साहेबांची आणि मागची वहिनींसाठी राखून ठेवली आहे. तिथे तो थांबला. मान नेहमीसारखी मागे गेली, पण वर नुसतं छत होतं.

“थांबलात कशाला,” बायको म्हणाली. तिने कागदाकडे बघितलंही नाही. “पुढे वाचा. पुढे करकोचे आहेत.”